हरिहरच्या पायऱ्या कॅप्टन ब्रिग्जने खरंच प्रेमात पडून सोडल्या का?

आजचा भाग हरिहरवर आहे. हो, तोच. उभ्या कातळात कोरलेल्या पायऱ्या, त्यावर मुंग्यांसारखी माणसांची रांग, मागे ढोल-ताशाचं म्युझिक. तुमच्या फोनवर हा व्हिडिओ आला नसेल असं होणंच शक्य नाही. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ हा किल्ला आहे. काही जण त्याला हर्षगड म्हणतात. उंची साधारण ३,६७६ फूट, म्हणजे ११२० मीटर. उंचीच्या हिशोबात तो कळसूबाई किंवा साल्हेरच्या आसपासही येत नाही. पण नाव निघतं ते त्याच्या वाटेमुळे.

त्या व्हिडिओंच्या खाली एक गोष्ट हमखास लिहिलेली असते. १८१८ साली इंग्रजांनी मराठ्यांचे सगळे गड उद्ध्वस्त करायचं ठरवलं. कॅप्टन ब्रिग्ज नावाचा अधिकारी हरिहरवर सुरुंग लावायला आला. पायऱ्या बघितल्या आणि तो इतका भारावला, की त्याने पायऱ्यांना हातच लावला नाही. किल्ला मोडला, पायऱ्या ठेवल्या. गोष्ट छान आहे. मीही ती अनेक वर्षं ऐकत आलोय, गडावर गाइड मंडळींच्या तोंडून, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाकडून. आज आपण ती गोष्ट जरा तपासून बघणार आहोत. आणि ते करताना गडही चढणार आहोत, कारण इथे वाट हाच पुरावा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटा होत्या. नाणेघाट तुम्हाला माहीत आहे. तशीच त्र्यंबकच्या भागातून जव्हार-मोखाड्याकडे उतरणारी गोंदा घाटाची वाट होती. बंदरावर उतरलेला माल अशा वाटांनी बैलांच्या पाठीवरून वर यायचा. माल आला की जकात आली, आणि जकात आली की पहारा आला. हरिहर आणि त्याच्या शेजारचा भास्करगड हे दोघं या वाटेचे पहारेकरी. या भागात गावांच्या नावात आजही 'मेट' हा शब्द दिसतो. मेट म्हणजे गडाच्या पायथ्याची किंवा अर्ध्या वाटेवरची पहाऱ्याची जागा. म्हणजे हा गड एकटा उभा नव्हता, त्याच्याभोवती माणसांची एक पूर्ण साखळी होती.

गड कुणाकुणाकडे होता? अहमदनगरच्या निजामशाहीत होता. १६३६ साली शहाजीराजांनी माहुलीवर शरणागती पत्करली, तेव्हा जे किल्ले मोगलांचा सरदार खान जमानकडे गेले त्यात त्र्यंबकबरोबर हाही गेला. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला. १६८९ मध्ये मातबर खानाने तो पुन्हा मोगलांसाठी जिंकला. पुढे मराठ्यांकडे आला आणि शेवटी १८१८ मध्ये इंग्रजांकडे. दोनशे वर्षांत एवढे मालक बदलले. वाट मात्र तीच राहिली.

आता चढायला सुरुवात करू. पायथ्याला दोन गावं आहेत, एकीकडे निरगुडपाडा आणि दुसरीकडे हर्षेवाडी. मी निरगुडपाड्याकडून गेलो. पहिला तास-दीड तास काही विशेष नाही. झाडोरा, कारवी, मध्येच घसाऱ्याची पायवाट. दम लागतो, पण तो कुठल्याही डोंगरावर लागतोच. मग सोंडेवर आलं की समोर कातळाचा ठोकळा उभा राहतो. तिन्ही बाजूंनी तासल्यासारखा.

हा ठोकळा असा का आहे? सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांचा डोंगर आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा एकावर एक थर देत पसरला. काही थर घट्ट, टणक, तर काही पोकळ आणि ठिसूळ. ठिसूळ थर पावसाने झिजतो, त्याचा उतार होतो, त्यावर माती आणि झाडं येतात. टणक थर झिजत नाही, तो उभा तुटतो आणि त्याचा कडा होतो. म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. उतार, कडा, उतार, कडा. गड बांधणाऱ्यांनी हे नेमकं हेरलं होतं. शेवटचा कडा जिथे सगळीकडून अखंड आहे तिथे तटबंदी बांधायची गरजच नाही. तट निसर्गाने बांधलेला आहे. आपण फक्त एक दार करायचं.

त्या पायऱ्या म्हणजे हे दार.

जवळ गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे पायऱ्या अरुंद आहेत. एका माणसाच्या रुंदीच्या. चढ इतका उभा, की वरच्या पायरीला हात लावूनच खालच्या पायरीवर पाय ठेवायचा. प्रत्येक पायरीला दोन्ही कडांना खोबण्या कोरल्यात, बोटं बरोबर बसतात. पहिल्या टप्प्यात शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. काही मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्यात. मागे वळून बघायचं नाही असं सगळे सांगतात आणि सगळेच वळून बघतात. मीही बघितलं. पोटात गोळा येतो, खोटं कशाला बोलू.

वर पोचलं की छोटा दरवाजा लागतो. शेजारी शेंदूर लावलेला गणपती. इथे बहुतेकांना वाटतं की आलो. नाही. दारातून आत गेलं की वाट आडवी वळते. वरून कातळ छपरासारखा पुढे आलेला, त्यामुळे वाकून चालायचं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला थेट दरी. आणि ती आडवी वाट संपली की पुन्हा पायऱ्या. हा दुसरा टप्पा पहिल्यापेक्षा चिंचोळा, कातळाच्या पोटात शिरल्यासारखा. शेवटी एका भोकासारख्या दारातून अंग आक्रसून वर निघायचं. मग माथा.

हे सगळं इतकं सविस्तर का सांगतोय? कारण जॉन ब्रिग्ज १८१८ मध्ये याच वाटेने गेला होता. त्याच्या भेटीची माहिती इंग्रजांनी १८८३ मध्ये छापलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. ब्रिग्ज म्हणजे कुणी साधासुधा शिपाईगडी नव्हे. खानदेशाचा कारभार त्याच्याकडे होता, फार्सी त्याला उत्तम येत होती, पुढे त्याने फरिश्त्याच्या इतिहासाचं इंग्रजी भाषांतर केलं. बघितलेलं नीट टिपून ठेवणारा माणूस.

तो काय सांगतो ते माझ्या शब्दांत ऐका. अर्ध्यापर्यंतची चढण सोपी आहे. तिथे पाण्याचा साठा, विहिरी आणि शिबंदीची घरं आहेत. त्यानंतरचा कडा मात्र थक्क करणारा. त्याचा उभेपणा शब्दांत सांगता येणार नाही, दोनशे फूट उंच भिंतीला शिडी लावावी तसा तो सरळ आहे. पायऱ्या वाईट आहेत, जागोजाग तुटल्यात, हाताला आधार म्हणून खड्डे केलेत. वर भक्कम दार. मग कातळाखालची वाट, जिला दरीच्या बाजूने कठडा नाही. मग आणखी वाईट पायऱ्या आणि एक असं दार, ज्यातून एका वेळी एकच माणूस सरपटत आत जाऊ शकतो. माथ्यावर दरवाजे, शिबंदीची पाच घरं आणि पाणी. आणि मग शेवटची नोंद: गडाच्या रखवालीला दहा शिबंदी ठेवले.

दोनशे वर्षांपूर्वीचं वर्णन आहे हे. तुम्ही मागच्या रविवारी जाऊन आला असाल तर यातलं काय बदललंय ते सांगा. जवळपास काहीच नाही. माथ्यावरची घरं सोडली तर वाट तीच, क्रमही तोच.

पण आपल्या गोष्टीचं काय? त्यात तीन दावे आहेत. एक, ब्रिग्ज आला होता. खरं. दोन, पायऱ्या बघून तो थक्क झाला. हेही खरं. तीन, त्या सौंदर्यामुळे त्याने पायऱ्या न मोडण्याचा निर्णय घेतला. हे या वर्णनात कुठेही नाही. उलट त्याला पायऱ्या वाईट आणि तुटक्या वाटल्या. भारावून गेलेला माणूस असं लिहीत नाही. त्याच्या लिहिण्यात धास्ती आहे. गड घ्यायची वेळ आली असती तर काय झालं असतं, याचा हिशोब करणाऱ्या लष्करी माणसाची धास्ती.

आता १८१८ चं वर्ष आठवा. १ जानेवारीला कोरेगावची लढाई झाली. दुसरा बाजीराव पळत होता. एप्रिलमध्ये कर्नल मॅक्डॉवेलच्या फौजेने त्र्यंबकचा किल्ला घेतला, आणि त्र्यंबकसारखा गड पडतो म्हटल्यावर आजूबाजूच्या बऱ्याच किल्लेदारांनी न लढता किल्ल्या हवाली केल्या. मे महिन्यात रायगडावर तोफगोळे पडले, वाडे जळाले, १० मे रोजी रायगड गेला. मालेगावच्या भुईकोटात अरब शिबंदी जूनपर्यंत लढत राहिली. ३ जूनला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. राज्य संपलं, पण डोंगर तसेच उभे होते. इंग्रजांना भीती होती ती याचीच. उद्या कुणी पन्नास माणसं घेऊन एखाद्या गडावर जाऊन बसला तर त्याला खाली आणायला पलटण लागणार, तोफा लागणार. म्हणून अनेक गडांच्या वाटा, दरवाजे, तट फोडायचं काम सुरू झालं. अलंग-मदनच्या वाटेवर गेलात तर पायऱ्यांची रांग मध्येच तुटलेली दिसते आणि तिथे आज दोर लावावा लागतो. त्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंगाने उडवल्या असंच त्या भागात सांगतात.

म्हणजे लक्षात घ्या. आपण ज्याला 'अवघड ट्रेक' म्हणतो, त्यातला कितीतरी अवघडपणा निसर्गाचा नाहीये. तो मुद्दाम केलेला आहे. आधी गड बांधणाऱ्यांनी शत्रूसाठी वाट अवघड केली, आणि नंतर इंग्रजांनी आपल्यासाठी.

मग हरिहरच्या पायऱ्या का वाचल्या? माझं मत सांगतो, आणि हे मत आहे, तसंच घ्या. उत्तर त्या दहा शिबंदींत आहे. ज्या वाटेवरून एका वेळी एकच माणूस सरपटत येतो, ती अडवायला मोठी फौज लागत नाही. मराठ्यांना हे जितकं सोयीचं होतं तितकंच नव्या सरकारलाही. पायऱ्या फोडल्या असत्या तर त्यांची स्वतःची दहा माणसं वर गेली कशी असती? पहारा ठेवायचा तर वाट ठेवावी लागते.

तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? गोष्ट थोडी रंगवली तर रंगवली. मला वाटतं फरक पडतो. कारण त्या गोष्टीत नायक कोण आहे बघा. पायऱ्या कोरणारा नाही, त्यावर पहारा देणारा नाही. नायक आहे न मोडणारा साहेब. आपल्याच माणसांनी कोरलेली वस्तू सुंदर आहे हे ठरवायला आपल्याला साहेबाचं सर्टिफिकेट लागतं, आणि आपण ते दर पावसाळ्यात नव्याने शेअर करतो.

त्या कोरणाऱ्यांची नावं आपल्याकडे नाहीत. पण त्यांचं काम समोर आहे, त्यावरून बरंच समजतं. बेसॉल्ट हा फोडायला कठीण दगड. छिन्नी, हातोडा, पहार, एवढ्या हत्यारांवर त्या पाथरवटांनी पायरी काढली. आणि ती नुसती कोरली नाही, माणसाचं शरीर ओळखून कोरली. खोबणी नेमकी तिथेच आहे जिथे चढणाऱ्याचा हात जातो. दोन्ही हात धरलेले राहतात. याचा दुसरा अर्थही आहे. दोन्ही हात खोबणीत असले की तलवार म्यानात राहते. वरच्या माणसाच्या हातात मात्र काहीही असू शकतं, नुसता धोंडासुद्धा. मित्राला चढायला आधार देणारी तीच खोबणी शत्रूला निःशस्त्र करते. त्यानंतरची वाकून चालायची वाट, सरपटायचं दार, सगळं त्याच विचाराचं. ही वाट गर्दी होऊ नये म्हणूनच बनवली होती.

माथ्यावर काय आहे तेही सांगतो. पठारावर पाण्याचं मोठं टाकं, हनुमानाचं छोटं देऊळ, शेजारी उघड्यावर महादेवाची पिंड. पुढे एक दगडी कोठार, दाराऐवजी छोट्या खिडकीतून आत शिरायचं. आणि मधोमध एक टेकाड, त्याचा शेवटचा थोडा भाग हातापायांवर चढावा लागतो. ते सर्वात उंच टोक. तिथे भगवा असतो आणि सेल्फीची रांगही.

रांगेत नंबर येईपर्यंत चारी बाजूंना बघा. एकीकडे ब्रह्मगिरी, तिथे गोदावरी उगम पावते. अरबी समुद्र तिथून जवळ, तरी ती पाठ फिरवून साधारण १,४६५ किलोमीटर लांब बंगालच्या उपसागराला जाते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरात वैतरणा उगम पावते, पण ती पश्चिमेला जाते, तिचं पाणी मुंबईच्या नळाला येतं. खाली वैतरणेच्या धरणाचा फुगवटा दिसतो. जवळच भास्करगड, उतवड, फणीचा डोंगर. हवा स्वच्छ असेल तर कळसूबाईची रांगसुद्धा. आपण याला 'व्ह्यू' म्हणतो. इथल्या पहारेकऱ्याला तो कामाचा भाग होता. घाटवाटेवर धूळ उडाली की किती बैल, किती माणसं हे त्याला इथून ओळखायचं होतं.

एक गंमतही सांगतो. या गडाचा एक कडा अजून वेगळ्या कारणाने प्रसिद्ध आहे. १९८६ मध्ये डग स्कॉट हा ब्रिटिश गिर्यारोहक इथे आला. १९७५ मध्ये एव्हरेस्टवर पोचलेला माणूस. तो पायऱ्यांनी न जाता साधारण १७० मीटरचा सरळ कडा चढून गेला. त्या कड्याला आज 'स्कॉटिश कडा' म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं की स्कॉटलंडशी काही संबंध आहे. तसं नाही, नाव स्कॉटवरून पडलंय. ब्रिग्जला ज्या कड्याची धास्ती वाटली, त्याच डोंगरावर १६८ वर्षांनी एक इंग्रज हौसेने दोर बांधून चढला.

आता शेवटचा आणि महत्त्वाचा मुद्दा. एका माणसाच्या रुंदीची, गर्दी अडवायला बनवलेली वाट, आणि तिच्यावर पावसाळी रविवारी शेकडो माणसं. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच पायऱ्यांवर समोरासमोर. पाठीला भली मोठी सॅक, एका हातात फोन, पायात गुळगुळीत तळाचे बूट. वरचा एक घसरला तर खालच्या दहांना घेऊन जाणार. पूर्वी हा धोका शत्रूसाठी ठेवलेला होता. आता तो आपण स्वतःवर ओढवून घेतो.

यावर दरवर्षी एक सूचना येते: रुंद जिना करा, लोखंडी रेलिंग लावा. मला ते पटत नाही. सुरक्षा नको म्हणून नव्हे. पण भगदाडं पाडून खांब रोवले की ती वाट जे सांगते तेच आपण पुसतो. १८१८ मध्ये जे झालं नाही ते सोयीच्या नावाखाली करण्यात काय अर्थ आहे? वाट बदलण्यापेक्षा संख्या बदला. दिवसाला ठरावीक माणसं, ठरावीक वेळेला चढ, ठरावीक वेळेला उतार. पायथ्याच्या गावातल्या मुलांना पगार देऊन पायऱ्यांच्या खाली आणि वर उभं करा. ब्रिग्जला दहा माणसं पुरेशी वाटली होती, आपल्यालाही तेवढीच लागतील.

हे होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या हातात असलेलं सांगतो. शनिवार-रविवार टाळा. पाऊस कमी झाल्यावर, दिवाळीच्या पुढे जा, आकाशही मोकळं मिळतं. पायऱ्यांवर फोन खिशात आणि चेन बंद. उतरताना तोंड कातळाकडे ठेवा, शिडीवरून उतरतो तसं, दोन्ही हात खोबणीत. वरून कुणी उतरत असेल तर खाली थांबा, त्याला येऊ द्या. पिशवी छोटी घ्या. निरगुडपाड्यात किंवा हर्षेवाडीत जेवा, पैसे गावात राहू देत.

आणि दरवाजातला शेंदरी गणपती दिसला की क्षणभर थांबून त्या खोबण्यांवरून हात फिरवा. त्या कोरणाऱ्याने दिवसाला किती इंच दगड काढला असेल, याचा विचार करा. कुणी ब्रिग्जची प्रेमकथा सांगायला लागला तर त्याला अडवू नका, ऐकून घ्या. मग म्हणा, साहेबाने दहा माणसं ठेवली होती, ते माहितीये का? तिथून गप्पा सुरू होतील.

पुढच्या भागात भेटू. तोवर जपून चढा, त्याहून जपून उतरा.